स्वभावाला औषध नाही म्हणण्याआधी : नाशकात राहून समाजशास्त्राची नजर कशी कमवायची

समाजशास्त्र नव्याने शिकायला घेतलं की पहिली पंचाईत ठरलेली. पुस्तकात 'सामाजिक संरचना', 'भूमिका', 'प्रकार्य' असलं सगळं असतं आणि बाहेर बघावं तर रविवार कारंजावर नुसती वाहनांची कोंडी. दोन्हींचा मेळ बसत नाही. मग परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ होतात, आणि घरी आल्यावर माणूस पुन्हा "अमक्यातमक्यांचं असंच असतं" म्हणायला मोकळा.

मी नोकरी सांभाळून, बाहेरून बसून या विषयात एम. ए. केलं. पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी मला सातपूरच्या कंपनीच्या गेटवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि निफाडकडच्या नातेवाइकांच्या ओट्यावर बसून कळल्या. हा लेख त्या मधल्या रस्त्याबद्दल आहे. बी. ए.ला विषय घेतलेली मुलं, यूपीएससीला ऐच्छिक म्हणून निवडलेले, एखाद्या संस्थेत नव्याने सर्व्हेच्या कामाला लागलेले, किंवा नुसतेच चौकस असलेले, सगळ्यांना चालेल. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण मला तीच नीट ठाऊक आहेत. मालेगावात किंवा संगमनेरला राहत असाल तर जागा बदला, पायऱ्या त्याच ठेवा.

लागणारं सामान

- खिशात मावेल अशी वही. मोठी वही काढली की समोरचा माणूस सावध होतो.
- दोन पेनं.
- ठरलेला वेळ. आठवड्यातून दोनदा तासभर मिळाला तरी पुरे, पण वार आणि वेळ तीच ठेवा.
- आपल्याहून वेगळ्या घरातला एक मित्र किंवा मैत्रीण, जिला टिपणं वाचून दाखवता येतील आणि जी तोंडावर "हे तुझ्या मनाचं आहे" म्हणेल.
- जनगणनेचे जिल्हा आणि तालुकावार तक्ते. इंटरनेटवर फुकट मिळतात.
- ओळखपत्र, कॉलेजचं किंवा संस्थेचं. दाखवायची वेळ क्वचित येते, पण येते तेव्हा नसलं की पंचाईत होते.

कॅमेरा या यादीत मुद्दाम घातलेला नाही. का, ते पुढे येईल.

पायरी १ : 'स्वभाव' हा शब्द काही दिवस बंद करा

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून पहिली. कुणाच्याही वागण्याचं कारण सांगताना आपण पटकन स्वभावावर येतो. तो आळशी आहे, ती खर्चिक आहे, त्या गावचे लोक भांडखोर आहेत. एकदा स्वभाव म्हटलं की विषय मिटतो, कारण स्वभावाला औषध नाही हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. समाजशास्त्राचं काम नेमकं तिथून सुरू होतं. स्वभावाचं नाव घ्यावंसं वाटलं की थांबायचं आणि चार गोष्टी शोधायच्या : वेळ कुणाच्या ताब्यात आहे, पैसा कुठून कधी येतो, जागा कुणाची आहे, आणि नियम कुणी केला.

एक उदाहरण सविस्तर बघू. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "पेठ-सुरगाण्याचे मजूर टिकत नाहीत. ऐन हंगामात गावाला पळतात." ऐकणारा मान डोलावतो. आता यातला स्वभाव बाजूला ठेवा आणि दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडा.

पहिलं कॅलेंडर बागेचं. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, आणि जानेवारीपासून साधारण एप्रिलपर्यंत काढणी. एप्रिलची छाटणी त्यालाच लागून. दुसरं कॅलेंडर पेठ, सुरगाणा, हरसूल भागातलं. तिथे पाऊस धो धो, पण पाणी डोंगरावरून वाहून जातं. बहुतेकांचं खरिपाचं एकच पीक : भात, नागली, वरई. जून-जुलैत आवणी, म्हणजे रोपांची लावणी. दिवाळीच्या आसपास पीक घरात आलं की पुढे गावात काम नाही. मग टोळ्या बागांकडे उतरतात. मुकादमामार्फत, बरेचदा आधी उचल घेऊन, एकरावर उक्तं काम ठरतं. आणि होळी येते मार्चमध्ये, म्हणजे बागेची काढणी जोरात असताना. या डोंगरपट्ट्यातला वर्षातला सगळ्यात मोठा सण होळी. दिवाळीला बागायतदाराच्या घरचा मुलगा पुण्याहून सुट्टी टाकून येतो तेव्हा त्याला कुणी 'पळाला' म्हणत नाही.

म्हणजे न टिकण्याच्या मुळाशी दोन कॅलेंडरांची टक्कर आहे. तीही बरोबरीची नाही, कारण कामाच्या तारखा बाग ठरवते आणि सुट्टीच्या तारखाही बागच ठरवू बघते. हे एकदा दिसलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. टोळीबरोबर आलेली पोरं सहा महिने कुठल्या शाळेत असतात? उचल फिटली की नाही याचा हिशोब कुणाच्या वहीत असतो? पेठला पाणी अडलं असतं तर हीच माणसं खाली उतरली असती का?

*इथला सापळा :* व्यवस्था सापडल्याच्या आनंदात नवशिके माणसालाच विसरतात. मग सगळे मजूर 'बिचारे' होतात. प्रत्यक्षात त्याच टोळ्या फोनवर एकमेकींना विचारून कुठल्या गावात एकराचा काय दर चाललाय ते बघतात, आणि दर पटला नाही तर दुसऱ्या बागेत जातात. 'बिचारे' हासुद्धा स्वभावच झाला, फक्त दयेने चिकटवलेला.

पायरी २ : एक जागा निवडा, आणि ती छोटी निवडा

नवीन माणूस वही घेऊन थेट रामकुंडावर जातो. साधू, पिंडदान, परदेशी पाहुणे, सगळं एका जागी. दोन तासांत वही भरते आणि हाती काही लागत नाही, कारण जे वेगळं दिसतं तेच आपण लिहिलेलं असतं. सुरुवात अशा जागेपासून करा जिचा तुम्हाला कंटाळा आलाय. सोसायटीचं गेट, गल्लीतलं किराणा दुकान, सिटीलिंकचा रोजचा थांबा, मिसळीचं हॉटेल, मुलांच्या शाळेबाहेरची रिक्षांची रांग.

थोडा सराव झाला की गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार चांगला. तिथे कोण खाली पोतं अंथरून बसतं, कोण टेबल टाकतं, कोण गाडीवरून विकतं, एवढंच बघा. ग्राहक कुणाला "भाऊ" म्हणतो, कुणाला "मावशी", आणि कुणाला "ए, कसे दिले?" एवढ्यावरच एक पान भरतं.

पायरी ३ : आधी दिसलं ते लिहा, अर्थ नंतर

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे जे दिसलं, ऐकलं ते. उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते. खाली दोन ओळी सोडा, 'विचारायचं' म्हणून. ही शिस्त पाळली नाही तर महिनाभराने स्वतःच्याच वहीतलं काय बघितलेलं आणि काय गृहीत धरलेलं, हे ओळखता येत नाही. "वॉचमन उद्धटपणे बोलला" हे डाव्या बाजूचं वाक्य नव्हे. "वॉचमन खुर्चीवरून न उठता म्हणाला, 'आधी सही'" हे डाव्या बाजूचं.

इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर सकाळी असं टिपण होईल :

६.५०. दोन बायका चालत. वॉचमनने वही पुढे केली. पहिलीने सही केली, दुसरीने नुसतं 'म' काढलं. 'नाव' या रकान्यात वॉचमनने आधीच लिहून ठेवलं होतं : कामवाली, ३०२. कामवाली, ५०४.
६.५८. पांढरी कार, काचा वर. हॉर्न. गेट उघडलं. वही नाही.
७.०५. दूधवाला, मोटरसायकल. हात वर केला, आत.
७.२०. धोतर-टोपीतले आजोबा, हातात पिशवी, चालत. "कुणाकडे?" मुलाच्या फ्लॅटचा नंबर आठवेना. फोन लावला. चार मिनिटं उभे.
७.२६. दुसरी कार. नंबर बाहेरच्या जिल्ह्याचा. गेट उघडलं.

आता उजवी बाजू भरा. वही सुरक्षिततेसाठी आहे म्हणतात. पण अनोळखी कार बिनधास्त आत जाते आणि रोज येणारी बाई सही करते. म्हणजे संशय ओळखीवरून ठरत नाही. पायी आला की गाडीतून, यावर ठरतो. आणि त्या वहीत बायकांची नावंच नाहीत, फ्लॅटचे नंबर आहेत. उद्या खरंच चोरी झाली तर 'कामवाली, ३०२' या नोंदीचा पोलिसांना काय उपयोग? मग वही रोज भरली कशाला जाते?

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने केलेला भेद इथे कामाला येतो : प्रकट प्रकार्य आणि सुप्त प्रकार्य. एखाद्या रीतीचं सांगितलं जाणारं काम एक असतं आणि कुणी न ठरवता तिच्याकडून घडत राहणारं काम दुसरं. गेटवरच्या वहीचं प्रकट काम सुरक्षा. सुप्त काम, इथे घरचं कोण आणि बाहेरचं कोण याची रोज सकाळी उजळणी. व्याख्या पाठ करून हा भेद लक्षात राहत नाही. वही बघून राहतो.

'विचारायचं' या ओळींत काय येईल? हा नियम कधी झाला, कुठल्या मीटिंगमध्ये, कशावरून. आणि वॉचमनबद्दल : त्याची ड्यूटी किती तासांची, तो ठेकेदाराचा की सोसायटीचा, कारवाल्याला अडवलं तर तक्रार कुणाकडे जाते. ही माहिती मिळाली की "वॉचमन गाडीवाल्यांना घाबरतो" हे वाक्यसुद्धा स्वभावाच्या खात्यातून निघून नोकरीच्या खात्यात जातं.

पायरी ४ : घरातली अडचण आणि चव्हाट्यावरचा प्रश्न जोडायला शिका

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला मुद्दा या विषयाचा कणा आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याची अडचण त्याच्या कौशल्यात, सवयीत, नशिबात शोधा. पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न. एकेकाचा स्वभाव तपासून त्याचं उत्तर मिळणार नाही.

नाशिक जिल्ह्यात हे समजायला कांद्यासारखा गुरू नाही. एका शेतकऱ्याच्या चाळीतला कांदा सडला, तर चाळीत हवा खेळत नव्हती का, कांदा ओला भरला का, असं विचारता येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले, आणि ८ डिसेंबर २०२३ ला तर निर्यातबंदीच आली. ती मे २०२४ मध्ये उठली. या काळात लासलगावला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाची हुशारी किंवा आळस काढून काय उपयोग होता?

इथवर सगळ्यांना पटतं. खरी परीक्षा पुढच्या धाग्याला. याच गावांत तिशी ओलांडलेले अविवाहित मुलगे बरेच आहेत. ओट्यावर चर्चा निघाली की निष्कर्ष ठरलेला : "आजकालच्या मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात. शेती हवी, शेतकरी नको." वाक्य टाळ्या घेणारं आहे. आता वरचीच रीत लावा. ज्या धंद्याचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने रात्रीत पडतो, त्या धंद्यातला नवरा नको म्हणणं हा हिशोब आहे की हट्ट? मुलीच्या नावावर ती शेती होणार आहे का? उन्हात निंदायला कोण जाणार? आणि आणखी एक आकडा, जो ओट्यावर कुणी काढत नाही : २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्या अपेक्षा वाढल्या म्हणून कसं चालेल?

*सापळा :* हे ओट्यावर लगेच बोलून दाखवू नका. तुम्ही बघायला गेला आहात, वाद जिंकायला नव्हे. जी चर्चा ऐकायची होती ती तिथेच बंद पडेल.

पायरी ५ : जात टाळून पुढे जाऊ नका

शहरात जात राहिली नाही, असं म्हणणारे लोक तुम्हाला भरपूर भेटतील. बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ, मला तिचा त्रास होत नाही, इतकाच असतो.

नाशिकमध्ये तर हा विषय टाळणं कठीणच. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथे २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांची. तो काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. पंचवटीत रोज जाणाऱ्या किती जणांना मंदिराचा हा इतिहास माहीत आहे, एवढं विचारून बघितलं तरी एक छोटा अभ्यास होतो.

पण इतिहासावर थांबू नका. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सांगितलं ते असं : जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या रीतीवर. आजही तपासायला ही सगळ्यात सोपी जागा आहे. घरात आलेले लग्नाचे बायोडाटा घ्या. 'अपेक्षा' या रकान्याच्या आधी काय काय छापलेलं असतं ते क्रमाने लिहून काढा. कुळ, देवक, गोत्र, मामांची आडनावं, गावं. मग 'जातीची अट नाही' असं लिहिलेले बायोडाटा वेगळे काढा आणि त्यातल्या किती ठिकाणी मामांची नावं तरीही आहेत, बघा.

दुसरी जागा भाड्याचं घर. एजंटला फोन लावला की पाच मिनिटांत "आडनाव काय? मूळचे कुठले? व्हेज ना?" हे तीन प्रश्न येतात. "जात काय?" असं कुणी विचारत नाही. त्याची गरजच उरत नाही. हे तिन्ही प्रश्न कुठल्या क्रमाने आले, आणि कुठल्या उत्तरानंतर "फ्लॅट कालच गेला" असं ऐकू आलं, याची नोंद ठेवा. वेगळ्या आडनावाच्या मित्राने त्याच फ्लॅटसाठी फोन केला तर काय होतं, तेही बघा.

तिसरी जागा जुनं नाशिक. सराफ बाजार, भांडी बाजार, बोहरपट्टी, हुंडीवाला लेन ही नावं धंद्यांची आणि समाजांची आहेत. आज त्या दुकानात मालक कोण, गल्ल्यावर कोण, माल चढवणारा कोण, असं चालत चालत बघत जा. गल्लीचं नाव राहिलं आणि धंदा बदलला, असं जिथे दिसेल तिथे थांबून म्हाताऱ्या दुकानदाराशी बोला. त्यांना वेळ असतो आणि सांगायची हौसही.

एक काम मात्र याच्याही आधीचं. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहा : जात, धर्म, शिक्षण, घरचं उत्पन्न, बाई की पुरुष, कुठल्या भागात राहता. हे पान कुणाला दाखवायचं नाही. पण सहा महिन्यांनी टिपणं वाचताना, तुम्हाला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, याचं कारण बरेचदा याच पानावर सापडेल.

पायरी ६ : एक दिवस घराची वेळ मोजा

यात फार काही समजावण्यासारखं नाही, फक्त करायचं. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत घरातल्या प्रत्येकाने अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं, ते लिहा. नळाला पाणी येण्याच्या वेळेला घरी कोण असतं? गॅसचा सिलिंडर, कुरिअर, प्लंबर यांच्यासाठी कुणाचा वेळ 'मोकळा' धरला जातो? देशपातळीवरच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. तुमच्या घरचा आकडा बहुधा याहून फार लांब नसेल. तक्ता फ्रिजवर लावायचा की नाही, हे आपापल्या हिमतीवर.

पायरी ७ : छोटा नियम मोडून बघा

हॅरल्ड गार्फिंकेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं, भाडेकरूसारखं वागायला सांगितलं होतं. घरचे गोंधळले, चिडले, काहींना मूल आजारी आहे असं वाटलं. रोजचा नियम पाळला जातो तोवर दिसत नाही, मोडला की दिसतो, हा त्यातला धडा.

आपल्याकडे हे सहज जमतं. आईला एका संध्याकाळी "अहो, थोडं पाणी मिळेल का? तुम्हाला त्रास नको" असं म्हणून बघा. दहा मिनिटांत घरातल्या नात्यांचे न लिहिलेले नियम सगळे बाहेर पडतील. आईला बीपीचा त्रास असेल तर मोठ्या भावावर करा. अनोळखी माणसावर, आणि आपल्यापेक्षा कमजोर स्थितीतल्या माणसावर मात्र कधीच नाही. वेटरची, रिक्षावाल्याची, कामवाल्या ताईंची गंमत करणं याला प्रयोग म्हणत नाहीत.

पायरी ८ : बोलायला शिका

प्रश्नावली घेऊन सुटू नका. "महागाईबद्दल तुमचं मत काय?" असं विचारलं की माणूस टीव्हीवरचं उत्तर देतो. "काल बाजारातून काय काय आणलं?" विचारलं की स्वतःचं सांगतो. 'का' हा प्रश्न शक्यतो टाळा. त्यात जाब विचारल्यासारखं होतं. 'कसं', 'कधीपासून', 'आधी काय होतं' हे प्रश्न चालतात.

मजूर अड्ड्यावर जायचं असेल तर सकाळी सात-आठला जाऊ नका. ती कामावर निघायची वेळ. हातात वही घेतलेला माणूस दिसला की लोक ठेकेदार समजून गोळा होतात, आणि तुम्ही कामच देणार नाही हे कळेपर्यंत एखाद्याचा खरा ठेकेदार निघून गेलेला असतो. त्याचा दिवस तुमच्यामुळे बुडाला. साडेदहानंतर जा. ज्यांना काम मिळालं नाही ते तिथेच बसलेले असतात, आणि त्यांच्याकडे वेळ असतो. चहा सांगा, आपण कोण आणि कशासाठी आलो ते आधी सांगा, नाही म्हणाले तर उठा.

फोटोबद्दल : विचारून काढला तरी चेहऱ्याचा फोटो शक्यतो नको. नाक्यावर उभं राहणाऱ्या कित्येकांनी गावी 'कंपनीत कामाला आहे' असं सांगितलेलं असतं.

पायरी ९ : आकड्यांशी जुळवून बघा

डोळ्यांनी बघितलेलं एका गल्लीपुरतं खरं असतं. ते किती पसरलंय हे कळायला तक्ते लागतात. पण तक्त्यांतही खड्डे असतात. नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाव होती. हा आकडा घेऊन तुम्ही निफाडला गेलात तरी चुकाल आणि सुरगाण्याला गेलात तरी चुकाल, कारण सुरगाणा-पेठमध्ये हे प्रमाण दहात नऊच्याही वर आहे. म्हणून सरासरी दिसली की तालुकावार तक्ता उघडायचा. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची. तोवर २०११ चा आकडा 'आजचा' म्हणून वापरू नका, शहराच्या कडेच्या वस्त्यांबाबत तर अजिबातच नाही.

लोकांची स्वतःची मोजमापंही टिपा. गोदेला पूर आला की क्युसेकचा आकडा रेडिओवर येतो, पण सराफ बाजार आणि भांडी बाजारातला दुकानदार विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" आणि त्या उत्तरावर माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. हा मारुती म्हणजे गोदेच्या पात्रातली मूर्ती. पाणी तिच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. या मापावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे, आणि विश्वास कुठल्या मापावर बसतो हाही समाजशास्त्राचाच विषय.

पायरी १० : टिपणं जपा, आणि ज्यांची आहेत त्यांना दाखवा

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूर भागातल्या एका खेड्यात मुक्काम करून टिपणं काढली होती. १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना तिथे लागलेल्या आगीत त्यांची प्रक्रिया केलेली टिपणं जळाली. त्यांनी मग मुख्यतः आठवणीवर पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. आपली आठवण तेवढी नाही. वहीच्या पानांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. फोनचा कॅमेरा लागतो तो इथे.

पुढे वाचायचं असेल तर मराठी मुलखातल्याच दोघांपासून सुरुवात करा : मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, ज्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग उभा केला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे. कर्वे वाचायला सोप्या, घुर्ये जरा चिवट. दोघांशीही ठिकठिकाणी भांडता येतं आणि भांडावं. पुस्तकांसाठी आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. पदवी हवी असेल आणि नोकरी सोडता येत नसेल तर मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे. तिथले चालू अभ्यासक्रम आणि तारखा एकदा चौकशी करून घ्या.

लिहून झालं की नावं, फ्लॅट नंबर, दुकानाच्या पाट्या बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही. 'पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीतला एकुलता एक नेपाळी वॉचमन' म्हटलं की कुणीही ओळखेल. मग ते टिपण ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवा. "असं नाही हो" हे उत्तर आलं तर ते पण लिहा, तारखेसह.

आता सिंहस्थ येतोय, २०२६-२७ चा. सगळे कॅमेरे स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे वळलेले असतील. तुम्हाला काम करायचं असेल तर आत्ताच सुरुवात करा, कारण पर्वणीच्या गर्दीत कुणालाच बोलायला फुरसत नसते. एक रस्ता किंवा एक वस्ती धरा : रुंदीकरणात कुणाचं दुकान मागे सरतंय, साधुग्रामाच्या आसपास भाडी कशी बदलतात, सफाईला बाहेरगावाहून कोण येतं आणि त्यांना झोपायला जागा कुठे देतात. सफाईच्या टोळीशी बोलायचं असेल तर आधी मुकादमाला भेटा, पण मुलाखत मुकादमासमोर घेऊ नका. पाळी सुटायची वेळ विचारून ठेवा आणि चहाच्या टपरीवर थांबा.